८२ टक्के बरोबर म्हणजे किती चूक?

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या एका मित्राचा फोन आला. आवाजातूनच कळत होतं की गडी खुश आहे. "अरे, आपल्या मॉडेलची अ‍ॅक्युरसी ८७ टक्के आली! क्लायंट एकदम फिदा!" मी सवयीने विचारलं, "आणि काहीच न करता किती येते?" पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाला, "तू ना, कायम मूड घालवतोस."

खरंय. या एका प्रश्नामुळे मी बऱ्याच लोकांचे मूड घालवलेत. पण हा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नव्हता, आणि त्याची किंमत मी नाही, दुसऱ्याच लोकांनी मोजली. म्हणून आजचा वीकेंड त्यावर. मंडळी, चहा घेऊन बसा. थोडं गणित आहे, पण बारावीच्या पलीकडचं काही नाही.

आधी विषय. माणसं निवड करतात. बसने जायचं की गाडीने, हा साबण की तो, हा फ्लॅट की तो. अशा निवडींसाठी जी संख्याशास्त्रीय मॉडेल्स बनवतात त्यांना चॉइस मॉडेल म्हणतात. कल्पना साधी आहे. प्रत्येक पर्यायाचा माणसाला काहीएक 'फायदा' असतो. त्यातला काही भाग आपल्याला दिसतो (वेळ, पैसा, अंतर) आणि उरलेला दिसत नाही (मूड, सवय, बायकोशी झालेलं भांडण). न दिसणारा भाग आपण यादृच्छिक धरतो आणि मग प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची शक्यता काढतो. यातलं सगळ्यात लाडकं मॉडेल म्हणजे लॉजिट. डॅनियल मॅकफॅडन यांनी १९७४ साली त्याची नीट मांडणी केली आणि २००० साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आज कुठल्याही लॅपटॉपवर चार ओळींच्या कोडमध्ये हे मॉडेल चालतं. दुखणं नेमकं तिथेच आहे. मॉडेल चालवणं इतकं सोपं झालंय की ते तपासणं ही कुणाचीच जबाबदारी राहिलेली नाही.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो (नाव जाऊ द्या) तिच्या ऑफिसच्या बसेस होत्या. हिंजवडीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाणारा एक रूट बंद करायचा का, असा प्रश्न होता. बसेस सरासरीने अर्ध्या रिकाम्या धावत होत्या आणि खर्च दिसत होता. मॅनेजर म्हणाला, "डेटा आहे ना आपल्याकडे, मॉडेल कर." मला तर हर्षवायूच झाला. रोजच्या बग फिक्सिंगमधून सुटका, वर 'अ‍ॅनालिटिक्स' म्हणून रेझ्युमेत एक ओळ!

सोयीसाठी आकडे गोल करून सांगतो. त्या भागात राहणारे ५०० लोक. त्यातले ४१० स्वतःच्या गाडीने येणारे आणि ९० बसने. मी मॉडेलमध्ये चार गोष्टी घातल्या. बस आणि गाडीच्या वेळेतला फरक, खर्चातला फरक, घरापासून बस स्टॉपपर्यंतचं अंतर आणि वय. मॉडेल चाललं. रविवारी रात्री दोन वाजेपर्यंत बसून मी स्लाइड बनवली. स्लाइडवर चार मुद्दे होते:

एक, अ‍ॅक्युरसी ८२ टक्के.
दोन, मॉडेलने सांगितलेला बसचा वाटा १८ टक्के आणि प्रत्यक्षातला वाटाही १८ टक्के. तंतोतंत!
तीन, रो-स्क्वेअर ०.३४, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'मॅकफॅडन यांच्या मते ०.२ ते ०.४ म्हणजे उत्कृष्ट'.
चार, मॉडेल १ टक्का पातळीवर सिग्निफिकंट.

मीटिंगमध्ये कुणी एक शब्द काढला नाही. एकाने तर टाळ्या वाजवल्या. आणि मग तो निष्कर्ष, जो मीच तोंडाने बोललो: "मॉडेलनुसार असा एकही माणूस नाही जो गाडीपेक्षा बस निवडण्याची शक्यता जास्त आहे." म्हणजे बसवर खरंखुरं अवलंबून कुणीच नाही. रूट पुढच्या महिन्यात बंद झाला.

आता या चारही मुद्द्यांचा एकेक करून पंचनामा करू.

पहिला, अ‍ॅक्युरसी. माझ्या मॉडेलने पाचशेच्या पाचशे लोकांबद्दल 'गाडीने येईल' असं सांगितलं होतं. ४१० लोक गाडीने येतच होते. ४१० भागिले ५००, झाले ८२ टक्के. उद्यापासून तुम्ही पुण्यात जानेवारीभर रोज सकाळी उठून 'आज पाऊस नाही' असं जाहीर करा. तुमची अ‍ॅक्युरसी वेधशाळेलाही लाजवेल. पण छत्री घ्यायची की नाही हे ज्या एका दिवशी विचारायचं असतं, त्या दिवशी तुमचा काडीचा उपयोग नाही. आमच्या मॉडेलने ९० बसवाल्यांपैकी एकही ओळखला नव्हता. शून्य! आणि वर आम्ही ते 'कुणीच अवलंबून नाही' असं वाचलं. हे म्हणजे चष्मा न लावता खोलीत बघायचं आणि खोली रिकामी आहे म्हणायचं.

त्याहून मोठी गोम अशी की लॉजिट मुळात 'हा माणूस गाडीने जाईल' असं म्हणतच नाही. ते म्हणतं, 'अशा शंभर माणसांत साधारण सत्तर गाडीने जातील, तीस बसने.' आपण ते सत्तर बघतो, शंभरच्या शंभर गाडीवाले धरतो आणि मग बरोबर-चूक मोजत बसतो. मॉडेलने सांगितलेले तीस आपणच फेकून दिले की! केनेथ ट्रेन यांचं या विषयावरचं २००३ सालचं पाठ्यपुस्तक इंजिनियर लोक मोठ्या श्रद्धेने वापरतात. त्यात ट्रेन यांनी साधारण याच कारणासाठी हा आकडा वापरूच नका असं बजावलं आहे. पुस्तक सगळ्यांकडे असतं. ते पान मात्र कुणीच उघडत नाही. मीही उघडलं नव्हतं.

दुसरा, वाटा तंतोतंत जुळला. हा तर निव्वळ विनोद आहे. लॉजिटमध्ये प्रत्येक पर्यायाला (एक सोडून) स्वतःचा एक स्थिरांक दिला, की ज्या डेटावर मॉडेल बसवलंय त्या डेटातले वाटे जुळतातच. हे मॉडेलचं कर्तृत्व नाही, ते समीकरण सोडवण्याची अटच आहे. शिंप्याने तुमच्या छातीचं माप ३८ घेतलं, ३८ चा शर्ट शिवला आणि मग टेप लावून म्हणाला, 'बघा, बरोब्बर ३८!' तर तुम्ही त्याला शाबासकी द्याल का? तुम्ही हात वर करून बघाल, खाली वाकून बघाल, काखेत घट्ट होतोय का ते बघाल. मॉडेलला मात्र आपण टेप लावूनच पैसे देतो.

तिसरा, रो-स्क्वेअर. इथे जरा नीट लक्ष द्या, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. रो-स्क्वेअर म्हणजे १ वजा (तुमच्या मॉडेलचं लॉग-लाइकलीहूड भागिले 'काहीच माहीत नसलेल्या' मॉडेलचं लॉग-लाइकलीहूड). प्रश्न असा, की 'काहीच माहीत नाही' म्हणजे नक्की काय? बरीच सॉफ्टवेअर्स म्हणतात, सगळे पर्याय सारखेच शक्य. म्हणजे बस ५० टक्के, गाडी ५० टक्के. आमच्या ५०० लोकांसाठी हे लॉग-लाइकलीहूड येतं वजा ३४६.६.

आता एक अगदी बथ्थड मॉडेल घ्या. त्याला अंतर माहीत नाही, वेळ माहीत नाही, पैसे माहीत नाहीत. त्याला फक्त एवढंच माहीत आहे की ८२ टक्के लोक गाडीने येतात. प्रत्येक माणसाबद्दल ते 'गाडी ८२, बस १८' असं बरळतं. त्याचं लॉग-लाइकलीहूड येतं वजा २३५.७. कॅल्क्युलेटर घ्या आणि करून बघा: ४१० गुणिले ०.८२ चा नैसर्गिक लॉग, अधिक ९० गुणिले ०.१८ चा नैसर्गिक लॉग. मग रो-स्क्वेअर किती? १ वजा २३५.७ भागिले ३४६.६, म्हणजे ०.३२.

कळलं का? ज्या मॉडेलमध्ये एकही माहिती नाही, त्याची अ‍ॅक्युरसी ८२ टक्के, त्याचा वाटा तंतोतंत, आणि त्याचा रो-स्क्वेअर ०.३२, म्हणजे 'उत्कृष्ट'! माझ्या रविवार रात्रीच्या जागरणाची एकूण कमाई ०.३२ पासून ०.३४ पर्यंत. बथ्थड मॉडेलच्या तुलनेत मोजलं तर माझा रो-स्क्वेअर ०.०३ येत होता. हा आकडा स्लाइडवर असता तर टाळ्या वाजल्या असत्या का?

यात मॅकफॅडन यांना दोष देऊ नका. त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ०.२ ते ०.४ बद्दल जे लिहिलं, ते रिग्रेशनच्या आर-स्क्वेअरची सवय असलेल्यांना सावध करण्यासाठी होतं. बाबांनो, हे दोन आकडे एक नव्हेत, इथे आकडे लहानच येतात, एवढाच त्याचा अर्थ. आपण त्या सावधगिरीच्या सूचनेचं पासिंगचं सर्टिफिकेट करून टाकलं. ५०-५० वाटे असलेल्या डेटात ०.३ आणि ९५-५ वाटे असलेल्या डेटात ०.३ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. दोन वेगवेगळ्या डेटांवरचे रो-स्क्वेअर शेजारी ठेवून 'आमचं मॉडेल जास्त चांगलं' म्हणणं म्हणजे दहावीचे मार्क आणि ब्लड प्रेशर यांची तुलना करणं.

चौथा, सिग्निफिकन्स. माझं लॉग-लाइकलीहूड वजा २२८ होतं. बथ्थड मॉडेलपेक्षा ७.७ ने बरं. त्याची दुप्पट १५.४. चार चलांसाठी १ टक्का पातळीची मर्यादा १३.२८. म्हणजे खरंच सिग्निफिकंट! यात खोटं काही नाही. पण याचा अर्थ एवढाच की 'या चार गोष्टींचा निवडीशी अजिबात संबंध नाही' हे विधान टिकत नाही. अहो, ते कुणी म्हणत होतं का? बस स्टॉप लांब असला की लोक बस कमी घेतात हे सिद्ध करायला लॉजिट लागत नाही, रिक्षावाल्यालाही ते माहीत असतं. संबंध आहे, यावरून मॉडेल निर्णय घेण्याइतकं चांगलं आहे हे सिद्ध होत नाही.

तर अशी ही चार सर्टिफिकेट्स. चारही खरी. आणि चारही मिळून शून्य.

मग खरी तपासणी कशी करायची? रूट बंद झाल्यावर दीडेक महिन्याने मी ती केली, एका शनिवारी, अपराधी वाटून. का, ते सांगतो. सपोर्ट टीममधली एक मुलगी, जिच्याशी कॅन्टीनमध्ये दोन-चारदा बोलणं झालं होतं, ती नोकरी सोडून चालली होती. मी विचारलं, "अगं, अचानक काय झालं?" ती सहज म्हणाली, "माझी शिफ्ट नऊला सुटते. तुमची बस बंद झाली. दोन बस बदलून घरी पोचायला अकरा वाजतात. बाबा रोज स्टॉपवर येऊन थांबतात, त्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय. किती दिवस चालणार?" ती 'तुमची बस' म्हणाली ते कंपनीची या अर्थाने. माझ्या कानाला ते वेगळंच लागलं. तिला माहीतही नव्हतं की ती स्लाइड माझी होती. मी सांगितलंही नाही. आज इथे सांगतोय.

त्या शनिवारी मी काय केलं? वीस मिनिटांचं काम. लोकांचे गट पाडले, प्रत्येक गटात मॉडेलने दिलेल्या शक्यतांची बेरीज केली आणि ती प्रत्यक्ष बसवाल्यांच्या संख्येशेजारी ठेवली. वयाचे गट, ठीक. अंतराचे गट, ठीक. मग शिफ्टचे गट. दुपारी बारा ते रात्री नऊच्या शिफ्टमध्ये ४० लोक होते. मॉडेलच्या मते त्यातले ८ बसने जाणारे. प्रत्यक्षात २६. आणि उरलेल्या ४६० मध्ये मॉडेल म्हणतं ८२, प्रत्यक्षात ६४. बेरीज दोन्हीकडे ९०. एकूण वाटा तंतोतंत, आणि पोटात एवढं मोठं भोक!

शिफ्टचा कॉलम डेटात होता. काही नोंदी रिकाम्या होत्या म्हणून 'डेटा क्लीनिंग' करताना मीच तो उडवला होता. आणि सगळ्यात लाजिरवाणा भाग म्हणजे, त्या बसचे ड्रायव्हर काका मला पुढे एकदा गेटवर भेटले तेव्हा म्हणाले, "सर, दिवसाच्या गाड्या रिकाम्याच असायच्या, पण नऊच्या गाडीत सीट मिळायची नाही." बास. माझ्या चारही स्लाइडपेक्षा हे एक वाक्य जास्त खरं होतं. सरासरी अर्धी रिकामी बस म्हणजे सकाळी पूर्ण रिकामी आणि रात्री खचाखच, हे त्यांना मॉडेलशिवाय ठाऊक होतं. मी त्यांना विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

अजून एक गोष्ट. माझ्या मॉडेलमध्ये पर्याय दोनच होते, बस किंवा गाडी. बस काढून घेतली की मॉडेलच्या जगात उरलेले शंभर टक्के लोक गाडीने येतात. तिसरा पर्याय, नोकरी सोडणे, हा मॉडेलमध्ये नव्हताच. मी दिलेल्या यादीत जो पर्याय नाही तो माणूस निवडूच शकत नाही, अशी ही मॉडेलची समजूत. फिटचा कुठलाही आकडा ही चूक दाखवणार नाही, कारण जुन्या डेटात नोकरी सोडून गेलेला माणूस नसतोच. तो गेलेला असतो!

पर्यायांच्या यादीचा हा घोळ जुना आहे. १९६० साली जेरार्ड डेब्रू यांनी एका पुस्तकाच्या परीक्षणात तो दाखवला होता, संगीताच्या रेकॉर्ड्सचं उदाहरण घेऊन. पुढे तो लाल बस-निळी बस म्हणून प्रसिद्ध झाला. समजा, निम्मे लोक गाडीने जातात आणि निम्मे लाल बसने. आता कंपनीने निम्म्या बसेसना निळा रंग दिला. अक्कल सांगते की गाडीवाले निम्मेच राहतील आणि बसवाले लाल-निळ्यात वाटले जातील. साधं लॉजिट सांगतं, गाडी एक तृतीयांश, लाल एक तृतीयांश, निळी एक तृतीयांश. नुसता रंग मारून गाडीवाले कमी झाले! हे तपासायला हौसमन आणि मॅकफॅडन यांनी १९८४ साली एक चाचणी दिली. एक पर्याय काढून टाका, उरलेल्यांवर मॉडेल पुन्हा बसवा, गुणक फार बदलले तर मॉडेलची मूळ समजूतच चुकीची. ऑफिसमधल्या किती प्रेझेंटेशनमध्ये तुम्ही ही चाचणी पाहिलीय? मी तरी एकाही नाही.

आता लोक म्हणतील, हे सगळं पुस्तकी आहे, प्रत्यक्षात कोण एवढं करतं? केलंय की! आणि पन्नास वर्षांपूर्वी केलंय. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात बार्ट नावाची मेट्रो सप्टेंबर १९७२ मध्ये सुरू झाली. बर्कलीत मॅकफॅडन आणि मंडळींनी गाडी सुरू होण्याआधीच लोकांच्या प्रवासाचा डेटा गोळा केला, त्यावर मॉडेल बसवलं आणि बार्टचा वाटा आधी सांगून ठेवला. अधिकृत अंदाज होता, कामावर जाणाऱ्यांच्या फेऱ्यांपैकी १५ टक्के. यांचा अंदाज ६.३ टक्के. प्रत्यक्षात आले ६.२. याला म्हणतात तपासणी. पेपर फुटायच्या आधी उत्तर लिहून ठेवणं. आपण करतो ते म्हणजे 'अपेक्षित' प्रश्नसंच पाठ करायचा, त्याच प्रश्नसंचावर परीक्षा द्यायची आणि पेढे वाटायचे.

पण बार्टच्या गोष्टीतही मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग ६.३ आणि ६.२ चा नाही. मॅकफॅडन यांनी स्वतःच नोबेल व्याख्यानात कबूल केलं की अंदाजातली अनिश्चितता बघता इतकं अचूक येणं हा नशिबाचाही भाग होता. मॉडेलला वाटलं होतं त्यापेक्षा कमी लोक चालत स्टेशनला गेले. म्हणजे एकूण आकडा जुळला तरी आत चुका होत्या, आणि त्यांनी त्या शोधल्या, लिहिल्या, छापल्या. नोबेल घेताना माणूस स्वतःच्या मॉडेलमधली भोकं दाखवतो, आणि आमच्याकडे साध्या मंथली रिव्ह्यूमध्ये ती झाकायला अ‍ॅनिमेशन वापरतात.

आणि तपासलं नाही की काय होतं, त्याचाही हिशोब आहे. बेंट फ्ल्यूबिअर्ग आणि सहकाऱ्यांनी २००५ साली १४ देशांतल्या २१० वाहतूक प्रकल्पांचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवले. रेल्वे प्रकल्पांत १० पैकी ९ ठिकाणी प्रवाशांचा अंदाज फुगवलेला निघाला, सरासरी १०६ टक्क्यांनी. म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. यात सगळा दोष मॉडेलचा नाही, राजकारणही आहे. पण 'फिट उत्तम आहे' हे वाक्य त्या राजकारणाला किती सोयीचं पडतं, ते सांगायला हवं का? आपल्या पुण्या-मुंबईत मेट्रोचे खांब रोज उभे राहतायत. पुढचा अंदाज जाहीर होईल तेव्हा तरी विचारा, मागच्या अंदाजाचं काय झालं?

यावर नेहमीचा बचाव असतो. "सगळी मॉडेल्स चुकीचीच असतात, काही उपयोगी असतात." हे वाक्य आमच्या क्षेत्रात गंगाजलासारखं वापरतात. शिंपडलं की पाप गेलं. मान्य, सगळी चुकीची असतात. पण कुणासाठी चुकीची आणि किती, हे शोधायचं काम या वाक्याने माफ होत नाही. आमचं मॉडेल ४६० लोकांसाठी थोडंसं चुकलं होतं आणि ४० लोकांसाठी साफ चुकलं होतं. ते ४० लोक मीटिंगमध्ये नव्हते. त्यांची शिफ्ट तेव्हा सुरू व्हायची होती.

दुसरा बचाव जरा वजनदार आहे. "एवढं तपासत बसलो तर निर्णयच होणार नाहीत. आणि गट पाडत गेलं तर कुठे ना कुठे फरक दिसणारच." हे खरं आहे. पन्नास गट पाडले तर दोन-तीन ठिकाणी योगायोगानेही फरक दिसेल. हॉस्मर आणि लेमेशो यांची १९८० सालची प्रसिद्ध चाचणी शक्यतांचे साधारण दहा गट पाडते. तीसुद्धा मोठ्या डेटात बारीकशा फरकालाही नापास करते आणि लहान डेटात काहीही पास करते. म्हणून एकाच चाचणीच्या निकालावर झोपू नका, हेच तर मी म्हणतोय. पण ४० मध्ये ८ च्या जागी २६ हा काही योगायोगाचा फरक नाही. आणि गट कुठले पाडायचे हे आकड्यांना विचारायचं नसतंच. निर्णयाचा फटका कुणाला बसणार, ते गट पाडायचे. बस बंद करायचीय? मग शिफ्टप्रमाणे बघा, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना वेगळं बघा. हे ठरवायला डेटा सायंटिस्ट लागत नाही, ड्रायव्हर काका पुरतात.

थोडक्यात काय, तर माझे आता पाच नियम आहेत. कुणी मॉडेल घेऊन आलं की मी हेच विचारतो, आणि म्हणूनच मला पार्ट्यांना कमी बोलावतात :)

बथ्थड मॉडेलचा आकडा शेजारी लिहा. शून्याशी नव्हे, निव्वळ वाट्यांच्या मॉडेलशी तुलना करा.

अ‍ॅक्युरसी लिहू नका. शक्यतांची बेरीज आणि प्रत्यक्ष संख्या लिहा, गटागटाने.

ज्या डेटावर मॉडेल शिकलं तो डेटा सोडून दुसऱ्यावर तपासा. शक्यतो अशा डेटावर जिथे काहीतरी बदललंय, म्हणजे भाडं वाढलंय किंवा नवा रूट आलाय. सारख्याच दिवसांतले काही दिवस बाजूला ठेवून केलेली तपासणी म्हणजे त्याच 'अपेक्षित'मधले न वाचलेले प्रश्न.

पर्यायांच्या यादीत काय नाही, ते मोठ्या अक्षरात लिहा.

आणि निर्णय घेण्याआधी अंदाज लिहून ठेवा, तारीख घालून, सही करून. सहा महिन्यांनी तीच मंडळी, तीच खोली, तोच कागद.

हा पाचवा नियम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात नावडता. कारण पहिल्या चारांत मॉडेलची परीक्षा होते, पाचव्यात आपली. मी त्या रूटबद्दल असा कागद लिहिला असता तर त्यात लिहावं लागलं असतं, 'रूट बंद केल्याने कुणीही नोकरी सोडणार नाही.' हे वाक्य लिहिताना माझा हात नक्की थांबला असता. आणि हात थांबला असता, तर मी कदाचित जिना उतरून खाली गेलो असतो आणि नऊच्या बसमध्ये एकदा चढून बघितलं असतं.

पुढे मी मॅनेजरला ती ८ आणि २६ ची गोष्ट दाखवली. तो म्हणाला, "इंटरेस्टिंग. पण आता कॉन्ट्रॅक्ट संपलंय ना." तिथे विषय मिटला. त्याच्यासाठी. त्या मुलीने घराजवळ दुसरी नोकरी धरली असं ऐकलं, पगार कमी. माझ्या रेझ्युमेत ती ओळ अजून आहे, फक्त '८२ टक्के' मी काढून टाकलंय.

मित्राला काल रात्री परत फोन केला. काही न करता त्यांची किती येते ते त्याने काढलं होतं. म्हणाला, "८५." मग थोडं थांबून, "सोमवारी क्लायंटला सांगू का रे?"

सांग म्हटलं. मूड जाईल, जाऊ दे.